नाकाने बिल भरणारी माणसं

इंग्रजीत पैसे खर्च करण्याविषयी जेवढे वाक्प्रचार आहेत, त्यांतला सर्वांत स्वस्त एका पेनीचा आहे, आणि त्यात खरेदी काहीच होत नाही. 'आय मस्ट स्पेंड अ पेनी' असं म्हणून एखादी वयस्कर इंग्रज बाई गप्पांतून उठली, तर सज्जन मराठी माणसाने 'अहो राहू द्या, मी देतो ना' म्हणत खिशात हात घालू नये. तिला बाथरूमला जायचं आहे.

यामागे खरोखरची पेनी आहे. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात, क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या महालात, जगभरच्या वस्तूंचं भलंमोठं प्रदर्शन भरलं. तिथे जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या नळकामातल्या तज्ज्ञाने लोकांसाठी फ्लशचे संडास बसवले. दर माणशी एक पेनी. शेवटी हिशेब झाला तेव्हा ८,२७,२८० जणांनी पेनी मोजल्याचं निघालं. याच प्रदर्शनात आपला कोहिनूरही मांडला होता. तो म्हणावा तसा चमकत नाही म्हणून पाहणाऱ्यांची निराशा झाली आणि पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडावे लागले. जेनिंग्जच्या दालनाबद्दल तशी तक्रार झाल्याचं वाचनात नाही.

वाक्प्रचार थेट त्या प्रदर्शनातूनच निघाला असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण पुढे इंग्लंडभर सार्वजनिक संडासांच्या दारांना पेनी टाकल्यावर उघडणारी कुलुपं लागली आणि तो घरोघर पोचला. त्यात ग्यानबाची मेख अशी, की पुरुषांच्या मुताऱ्यांना दार नव्हतं, म्हणून कुलूप नव्हतं, म्हणून पुरुषांचं काम बहुधा फुकटात भागायचं. पेनी पडायची ती बायकांना. मुंबईत 'राइट टू पी' चळवळीतल्या कार्यकर्त्या २०११ पासून नेमकं हेच सांगत आल्या आहेत: पुरुषांना फुकट, बायकांना पैसे. पेनी तिकडेच राहिली, रीत तेवढी बोटीत बसून इकडे आली. तिकडे मोठ्या रेल्वे स्थानकांवरचं शुल्क २०१९ मध्ये रद्द झालं. इकडे टेबल मांडून बसलेला माणूस अजून सुट्टे पैसे मागतो.

आता ती पेनीही जुनी राहिलेली नाही. १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने दशमान चलन आणलं. त्याआधी बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स. शिवाय एकवीस शिलिंगांची गिनी, डॉक्टर-वकिलांची फी सांगायला. आपण अहेराच्या पाकिटावर एक रुपया चिकटवतो तो शुभ म्हणून. गिनीतला वरचा शिलिंग हा निव्वळ रुबाबाचा आकार. आपण हे दशमानाचं काम साहेबाच्या आधी, १ एप्रिल १९५७ लाच उरकलं होतं. तारीख एप्रिल फूलची, तरी व्यवहार खरा. सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै यांचा रुपया कायद्याने शंभर नव्या पैशांचा झाला. चार आणे पंचवीस पैशांच्या वेषात तगून राहिले, तेही ३० जून २०११ ला चलनातून गेले.

पण बोलताना ही नाणी कुणी बँकेत परत केली नाहीत. कोंबडी किलोवर विकली जाऊ लागून जमाना झाला, तरी आपली कोंबडी चार आण्यालाच मिळते आणि मसाला बारा आण्याचाच लागतो. साहेबही 'पेनी वाइज, पाउंड फूलिश' म्हणतो, म्हणजे पेनी वाचवताना शहाणा आणि पौंड उधळताना खुळा. रॉबर्ट बर्टन या गृहस्थाच्या १६२१ सालच्या जाडजूड ग्रंथात हा प्रयोग आहे, आणि तो ग्रंथ खिन्नतेविषयी आहे. महिनाअखेरीला क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट उघडणाऱ्याला त्यात विसंगत काही वाटणार नाही.

पेनीपर्यंत सगळं ठीक चालतं. रक्कम वाढली की मात्र इंग्रज अवयवांवर येतो. वस्तू महाग पडली तर ती 'ॲन आर्म अँड अ लेग' पडते, म्हणजे एक हात आणि एक पाय. कुणी अव्वाच्या सव्वा उकळले तर भरणारा 'पेज थ्रू द नोज'. नाकाने कांदे सोलणारी माणसं आपल्याकडे घरटी एक असतात, पण नाकाने बिल भरणं ही त्याच्याही पुढची पायरी झाली.

यांच्या जन्मकथा विचारायला गेलं की करमणूक वाढते. नाकाबद्दल असं सांगतात, की नवव्या शतकात आयर्लंडमध्ये डेन लोकांचं राज्य होतं आणि जो कर बुडवी त्याचं नाक ते चिरीत. कथा चांगली रक्तबंबाळ आहे. फक्त वाक्प्रचार सापडतो सतराव्या शतकात. मधली आठशे वर्षं हे नाक कुठे होतं, ते कुणी सांगत नाही. हातापायाची कथा चित्रकारांवर घातलेली आहे. म्हणे पूर्वी अमेरिकेत चित्रकार हात-पाय रंगवायचे जादा पैसे लावीत, म्हणून गिऱ्हाइकं नुसतं तोंड काढून घेत. हीही ऐकायला झकास. पण वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या मध्यावरचा आहे. तोवर कोडॅकचा कॅमेरा घरोघर पोचला होता आणि त्यात हातापायांचा दर वेगळा नव्हता.

मराठी माणूस असे अवयव देऊन मोकळा होत नाही. तो हात आखडता घेतो, पोटाला चिमटा काढतो, दात कोरून पोट भरतो. अगदीच गळ्याशी आलं तर महागाई त्याचं कंबरडं मोडते, पण मोडकं का होईना, कंबरडं घरातच राहतं. एकदा तर आपण याच्याही पलीकडे गेलो: चमडी गेली तरी चालेल, दमडी जाता कामा नये. अवयव आणि नाणं यांची अदलाबदल आपल्यालाही सुचली होती, फक्त सौदा आपण उलट्या बाजूने केला.

या दमडीचा आजा म्हणजे दाम. अकबराच्या काळी चाळीस दामांचा रुपया होत असे. आता इंग्रज वैतागला की 'आय डोंट गिव्ह अ डॅम' म्हणतो. वेलिंग्टनचा ड्यूक त्यात भर घालून दोन पेन्सचा डॅम म्हणायचा, असं सांगतात. हा ड्यूक म्हणजे सप्टेंबर १८०३ मध्ये जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. तेव्हा हा डॅम म्हणजे आपला दामच, 'मी एका दामाचीही किंमत देत नाही' हाच त्याचा अर्थ, असा तर्क कुणाला सुचणार नाही? यूल आणि बर्नेल या जोडीने १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तो नोंदवूनही ठेवला. पुढच्या कोशकारांनी मात्र फेटाळला. त्यांच्या मते डॅम ही साधी ख्रिस्ती नरकातली शिवी. मला याचं वाईट वाटतं. साहेबाने इथून नेलेल्या वस्तूंची यादी एवढी लांबलचक, त्यात एखादी शिवी आपली निघाली असती तर काय बिघडलं असतं?

आपल्याला लावून दिलेली दुसरी कथा माकडाची. लंडनच्या बोलीत पंचवीस पौंड म्हणजे 'पोनी' आणि पाचशे म्हणजे 'मंकी'. हिंदुस्थानातल्या पाचशेच्या नोटेवर म्हणे माकडाचं चित्र होतं आणि गोऱ्या सोजिरांनी तो शब्द घरी नेला. अशी नोट आजवर कुणी दाखवलेली नाही. माकड नोट पळवतं, याला माथेरानला जाऊन आलेले कितीतरी साक्षीदार मिळतील. ते नोटेवर छापतात, याला एकही नाही.

या वाक्प्रचारांचा माग काढत गेलं की त्यांतली एक वाटणी ध्यानात येते. खर्चाची वेदना झाली की इंग्रज स्वतःचा अवयव पुढे करतो. चिक्कूपणा किंवा मूर्खपणा निघाला की दुसऱ्याचा देश. डोईजड झालेली, विकता येत नाही आणि पोसवत नाही अशी मालमत्ता म्हणजे 'व्हाइट एलिफंट'. का, तर सयामचा राजा म्हणे नावडत्या सरदाराला पांढरा हत्ती भेट देई. पवित्र प्राणी, त्याला कामाला जुंपता येत नाही, परत करता येत नाही, खायला तर रोज लागतं. सरदार भिकेला लागे. सयामी लोकांनी पांढरे हत्ती असे वाटून टाकल्याचा धड पुरावा नाही, पण इंग्रजीत तो हत्ती पक्का उभा आहे. आपल्याकडे दारी हत्ती झुलणं हे वैभवाचं लक्षण. वर्तमानपत्रांनी इंग्रजीतून पांढरा हत्ती आणला आणि तो आता मंडळं, महामंडळं नि नाट्यगृहं यांच्या बातम्यांत वर्षानुवर्षं बांधलेला आहे. इथे मात्र सयामपेक्षा प्रगती आहे. भेट देणारा राजा निवडून येतो, आणि चारा घालणारा सरदार म्हणजे घरपट्टी भरणारे आपण.

सगळ्यांत जास्त बिल फाडलं गेलं ते डच लोकांच्या नावाने. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच समुद्रावरच्या व्यापारासाठी तीनदा लढले. १६६७ मध्ये डचांनी थेट मेडवे नदीत शिरून 'रॉयल चार्ल्स' हे इंग्रजांचं मानाचं जहाज दोरी लावून ओढून नेलं. त्याच्या मागच्या बाजूची नक्षी आजही ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये टांगलेली आहे. जहाज परत आणणं काही जमलं नाही, तेव्हा इंग्रजांनी शब्दांत सूड घेतला. दारूच्या जोरावर आलेली हिंमत ती 'डच करेज', वगैरे. ही सवय अटलांटिक ओलांडून गेली आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'डच ट्रीट' निघाली: मेजवानी अशी, की ज्याने त्याने आपापलं बिल भरायचं. आज 'लेट्स गो डच' म्हणणाऱ्या पोरांना मेडवे नदी माहीत नसते. तुर्कस्तानात याच प्रकाराला जर्मन पद्धत म्हणतात. इटालियन लोक रोमन पद्धत म्हणतात, म्हणजे त्यांनी निदान खापर आपल्याच राजधानीवर फोडलं. मराठीने कुठल्याच देशाला मधे ओढलं नाही. तुझं तू, माझं मी. चार शब्दांत वाटणीपत्र, आणि तेही लांब वाटलं म्हणून कॉलेजच्या कट्ट्यावर त्याचं टीटीएमएम केलं. आधीच पैसे गोळा करायचे असतील तर काँट्री काढायची. डच लोकांनी खरं तर आपले आभार मानायला हवेत.

अर्थात ही झाली तरुणांची गोष्ट. लग्न होऊन साडू मिळाला की टीटीएमएम संपतं. दोन साडू सहकुटुंब हॉटेलात जेवून उठतात, तो प्रसंग इंग्रजीत सांगण्यासारखा नाही. बिल येतं ते बडीशेपेच्या बशीखाली दबून. 'छे छे, आज मी,' थोरले साडू म्हणतात आणि हात खिशाकडे जातो. 'असं कसं, मागच्या वेळी तुम्हीच दिलं होतं,' म्हणून धाकटे त्यांचं मनगट धरतात. धरताना एक हात अडकल्यामुळे त्यांना स्वतःचं पाकीट काढता येत नाही. थोरल्यांचं मनगट धरलेलं असल्यामुळे त्यांनाही काढता येत नाही. अशा अवस्थेत दोघं शांतपणे बराच वेळ राहू शकतात. वेटरने हे रोज पाहिलेलं असतं, तो भिंतीवरच्या गणपतीकडे बघतो. यातला कसलेला माणूस वेगळा असतो. तो जेवणाच्या मध्येच हात धुवायला म्हणून उठतो, गल्ल्यावर पैसे भरून येतो आणि बिल मागवल्यावर वेटरकरवी 'झालंय साहेब' असं म्हणवून घेतो. पुढची दहा वर्षं सासुरवाडीला हे नाव निघतं. त्याहून कसलेला बिल मागवल्यानंतर हात धुवायला जातो.

इंग्रजांच्या गुत्त्यात हे भांडण होत नाही, कारण तिथे पाळी असते. एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने. याला राउंड म्हणतात. ऑस्ट्रेलियात त्यालाच 'शाउट' म्हणतात. 'माय शाउट' म्हणजे ओरडण्याची नव्हे, पैसे देण्याची पाळी माझी. आपली पाळी यायच्या आत जो घरी जातो, त्याला तिथे पुन्हा कुणी हाक मारत नाही. ही पाजण्याची हौस इतकी, की पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकार हैराण झालं. दारूगोळ्याच्या कारखान्यांत सोमवारी माणसं जागेवर सापडेनात. शेवटी १९१५ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये फर्मान निघालं, की गुत्त्यात कुणी दुसऱ्याला पाजायचं नाही. जेवणासोबत असेल तर चालेल. मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. साउदॅम्प्टनला एका माणसाला बायकोला ग्लासभर वाइन घेऊन दिल्याबद्दल दंड झाला. बायकोला ती प्यायल्याबद्दल वेगळा दंड, आणि विकणाऱ्या मुलीला सगळ्यांत जास्त. हे सरकारी हुकमाने राबवलेलं टीटीएमएम. आपल्या साडूंना हा कायदा फार आवडला असता.

'ब्रेक द बँक' हा प्रकार मात्र आपल्या वाचकाला नीट समजावून द्यायला हवा. माँटे कार्लोच्या जुगारघरात एखाद्या टेबलावरची रोकड खेळणाऱ्याने जिंकून संपवली, की त्या टेबलावर काळं कापड टाकत आणि आतून नवे पैसे येईपर्यंत खेळ थांबवत. १८९१ मध्ये चार्ल्स वेल्स या इसमाने हे पुन्हा पुन्हा केलं आणि त्याच्यावर गाणं निघालं. पुढे तो लबाडीबद्दल तुरुंगात गेला, ते कडवं गाण्यात नाही. परवडण्याजोगी खरेदी असली की इंग्रज म्हणतो, याने काही बँक फुटणार नाही. आपल्याकडे सहकारी बँकेच्या ठेवीदाराला बँक बुडायला जुगारी लागतो, हे ऐकूनच नवल वाटेल. त्याच्या अनुभवाला संचालक मंडळ पुरतं.

'मनी डझंट ग्रो ऑन ट्रीज' हे आपल्याकडे भाषांतर न करता आधीपासून आहे. पैसे काय झाडाला लागतात, हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी मूल मोठं होत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये डिझेलची दरवाढ समजावून सांगताना पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी देशाला उद्देशून हेच म्हटलं, तेव्हा अख्ख्या देशाला एकदम वडिलांची आठवण झाली. मात्र कोकणात हे जरा जपून बोलावं. तिथे हापूस, काजू आणि सुपारीच्या रूपाने ते झाडालाच लागतात. मोहोर गळला की लागत नाहीत.

पण हे एवढे वाक्प्रचार इंग्रजाला लागतात कशाला? माझ्या मते उत्तर सोपं आहे. त्याला आकडा सांगायचा नसतो. पगार किती, घर केवढ्याचं, कोट कितीला, हे विचारणं तिकडे असभ्य. पण महागाईचं दुःख तर सांगितल्यावाचून राहवत नाही. म्हणून तो अवयव सांगतो, हत्ती सांगतो, नाक सांगतो, आणि आकडा गिळतो. ऐकणाराही 'ओह डिअर' म्हणून गप्प बसतो. मराठीत ही सोय नाही, कारण मराठीत लाजच नाही. साडीचा पदर दोन बोटांत चोळत 'केवढ्याला पडली गं?' हा प्रश्न नमस्काराच्याही आधी येतो. उत्तरही तयार असतं. नवऱ्यासमोर एक आकडा, जावेसमोर दुसरा, आणि दुकानदाराने सुरुवातीला सांगितलेला तिसरा, तो किती खाली आणला त्याच्या संपूर्ण इतिहासासह.

माझी मावशी लेकीकडे लंडनजवळ राहायला गेली होती. शेजारच्या बाईंनी नवं स्वयंपाकघर करून घेतलं होतं, ते दाखवायला त्यांनी बोलावलं. मावशीने ओट्यावरून हात फिरवला, खण ओढून पाहिले, चिमणीखाली वाकून आली. 'सुंदर,' ती म्हणाली. 'किती खर्च आला?' लेकीने घसा खाकरला. बाई हसून म्हणाल्या, 'ओह, इट कॉस्ट अस ॲन आर्म अँड अ लेग.' लेकीने घाईघाईने मराठीत सांगितलं, की आई, खूप महाग पडलं असं म्हणतायत. 'ते कळलं गं मला,' मावशी म्हणाली, 'पण म्हणजे किती?' लेक म्हणाली, इकडे असं विचारत नाहीत. मावशीने तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि बाईंना आपल्या इंग्रजीत पुन्हा विचारलं, 'हाउ मच, हाउ मच?'

बाई जरा गोंधळल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, बहुधा नवरा ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि खालच्या आवाजात आकडा सांगितला. इतकी वर्षं शेजारी राहून लेकीला तो कधी कळला नव्हता. सांगून झाल्यावर बाई एकदम मोकळ्या झाल्या आणि सुताराने दोनदा जास्तीचे पैसे कसे मागितले तेही सांगू लागल्या. मावशीने डोळे मिटून पौंडांचे रुपये केले. मग लेकीला म्हणाली, 'विचार त्यांना, टाइल्स धरून का वेगळ्या?'